इरावती कर्वे यांची जडणघडण : मालवणचे गुरू, बर्लिनचे शिक्षण आणि मराठी मुलुखातील क्षेत्रकार्य

बीजसंज्ञा : सांस्कृतिक मानवशास्त्र, आप्तसंबंध, जातिसंस्था, मानवमिती, क्षेत्रकार्य

प्रस्तावना

भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या अभ्यासकांमध्ये डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे झाला, ही बाब सिंधुदुर्गातील आपणा प्राध्यापकांना अभिमानाची वाटते आणि वर्गात ती आवर्जून सांगितलीही जाते. मात्र याच घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाचे पहिले धडे गिरविलेल्या, भारतातील पहिल्या महिला मानवशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. इरावती कर्वे यांचा परिचय आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा मराठीच्या तासाला, ‘युगान्त’च्या लेखिका म्हणूनच होतो. समाजशास्त्राच्या तासाला त्यांच्या वाट्याला नातेसंबंधांचे चार विभाग आणि एक टीप येते. एकाच व्यक्तीचे असे दोन तुकडे दोन विभागांत वाटून घेतल्यामुळे त्या व्यक्तीची विचारपद्धती कशी घडली, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात इरावतीबाईंच्या शिक्षणाचा आणि त्या शिक्षणातून त्यांनी काय स्वीकारले व काय नाकारले, याचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांचे संपूर्ण चरित्र सांगण्याचा येथे हेतू नाही.

बालपण आणि पुण्यातील दोन घरे

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथील कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास पाठविण्यात आले व हुजूरपागेच्या वसतिगृहात तिची सोय झाली. येथेच शकुंतला परांजपे यांच्याशी तिची मैत्री झाली. शकुंतलाबाईंचे वडील, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कुटुंबाने या मुलीला आपल्या घरात मुलीसारखे सामावून घेतले. परांजपे मूळचे दापोली तालुक्यातील. बुद्धिवादी, निरीश्वरवादी, ग्रंथांनी भरलेले असे ते घर होते. त्या घरात वावरणाऱ्या न्यायमूर्ती बाळकराम यांच्या सहवासातून तिला मानवशास्त्राची प्रथम गोडी लागली, असे चरित्रकार नोंदवितात.

१९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या बी. ए. झाल्या. त्याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकररावांचे रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण जर्मनीत झाले होते व पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्यही झाले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींनी आपल्या सुनेच्या परदेशी शिक्षणाला मात्र विरोध केला, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. प्रस्तुत लेखकास ती तितकीशी आश्चर्याची वाटत नाही. शाळा, वसतिगृह, विद्यापीठ या संस्थांच्या चौकटीत स्त्रियांना शिक्षण देणे आणि घरच्या सुनेने एकटीने समुद्रापार जाऊन पुरुषांच्या प्रयोगशाळेत काम करणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सुधारकांच्या पहिल्या पिढीने पहिली साध्य केली. दुसरीसाठी पती पाठीशी उभा राहावा लागला.

मुंबई : घुर्ये यांचे शिष्यत्व

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ मध्ये केंब्रिजहून पीएच. डी. घेऊन आलेले घुर्ये या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत त्या पदावर राहिले. केंब्रिजमध्ये त्यांनी प्रथम डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स व रिव्हर्स यांच्या निधनानंतर ए. सी. हॅडन यांच्याकडे शिक्षण घेतले होते. रिव्हर्स हे वंशावळी गोळा करून नातेसंबंधांचा अभ्यास करण्याच्या पद्धतीचे प्रवर्तक. घुर्ये यांचे स्वतःचे संस्कृतचे अध्ययन भक्कम होते. त्यामुळे त्यांच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला एका हातात धर्मग्रंथ आणि दुसऱ्या हातात वंशावळीचा तक्ता, अशी दुहेरी तयारी करावी लागे. पुढे एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारखे परस्परांहून अगदी भिन्न वळणाचे अभ्यासक याच विभागातून बाहेर पडले.

दक्षिणा फेलोशिप मिळवून इरावतीबाई या विभागात आल्या आणि १९२८ साली त्यांनी एम. ए. पदवीसाठी चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध सादर केला. परशुरामाच्या आख्यायिकेवरही त्यांनी याच काळात काम केले. हा विषय कोकणच्या वाचकास विशेष जवळचा आहे. सह्याद्रिखंडातील कथेप्रमाणे परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी निर्माण केली आणि चितेवरील प्रेते पावन करून चित्पावन घडविले. त्याच ग्रंथात परशुरामाने सारस्वतांना आणून वसविल्याचीही कथा आहे. म्हणजे एकाच पुराणाने एका किनाऱ्यावरील दोन ज्ञातींची दोन प्रकारे उत्पत्ती सांगितली आहे. मालवणच्या सारस्वत कुटुंबात जन्मलेला मार्गदर्शक आणि चित्पावन घरातील विद्यार्थिनी यांनी ही कथा श्रद्धेने नव्हे तर पुरावा म्हणून तपासावयास घ्यावी, ही त्या काळातील महत्त्वाची घटना मानावी लागेल. आपल्याच जातीकडे बाहेरून पाहण्याची सवय इरावतीबाईंना येथे लागली.

घुर्ये यांच्याकडून त्यांनी घेतलेली आणखी एक गोष्ट म्हणजे मानवमितीविषयीचा साशंकपणा. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड वंशावर आधारलेली असल्याचा सिद्धान्त मांडला होता. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात तीच आकडेवारी तपासून, गंगेच्या खोऱ्यातील हिंदुस्थान वगळता इतरत्र हा मेळ बसत नाही, असे दाखविले. आकडे नाकारावयाचे नाहीत, पण आकड्यांवर चढविलेला सिद्धान्त आकड्यांनाच विचारून पाहावयाचा, ही ती पद्धत होती. तिची खरी परीक्षा बर्लिनमध्ये झाली.

बर्लिन : १४९ कवट्या

१९२८ च्या अखेरीस इरावतीबाई जर्मनीस गेल्या. त्यासाठी जीवराज मेहता यांनी कर्जरूपाने साहाय्य केले. बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ साली स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक होते.

फिशर कोण होते, हे येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. १९०८ साली त्यांनी जर्मनीच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला व १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. बाऊर आणि लेंझ यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले आनुवंशिकतेवरील पाठ्यपुस्तक १९२१ पासून जर्मनीत प्रमाण मानले जात होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील मिश्र वंशाच्या मुलांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणात या संस्थेतील तज्ज्ञांनी भाग घेतला. इरावतीबाई तेथे असताना हे सर्व घडावयाचे होते, परंतु त्यामागील विचार संस्थेच्या प्रयोगशाळेत रुजलेला होता.

इरावतीबाईंना दिलेला विषय होता मानवी कवटीची असममिती. कोणत्याही माणसाच्या कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक वंशानुसार बदलतो काय, युरोपीयांच्या कवटीतील असममिती त्यांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठत्वाशी निगडित आहे काय, असा फिशर यांच्या गृहीतकाचा रोख होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय कवट्या होत्या तशाच वसाहतींतून आणलेल्याही होत्या. मोजमापाअंती त्यांनी निष्कर्ष काढला की कवटीची असममिती आणि वंश यांच्यात कोणताही संबंध आढळत नाही. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि पुढील वर्षी प्रबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

पंचविशीतील, कर्ज काढून आलेल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या एका भारतीय विद्यार्थिनीने आपल्या परीक्षकाच्याच गृहीतकाविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच्यापुढे ठेवला. आपल्याकडे पीएच. डी.च्या विद्यार्थ्याचे गृहीतक बहुतांशी ‘सिद्ध’च होते. गृहीतक सिद्ध न होणे हाही संशोधनाचा निष्कर्ष असतो, हे समजावून सांगण्यासाठी या प्रबंधाइतके चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकास अन्य ठाऊक नाही.

तथापि या घटनेला केवळ शौर्यकथेचे रूप देणे योग्य होणार नाही. त्या कवट्या कोणाच्या होत्या, हा प्रश्न उरतोच. जर्मन वसाहतींतून कवट्या गोळा करण्याची पद्धत ही बळजबरीची व हिंसेची होती, हे आता सर्वज्ञात आहे. २०१४ साली त्या संस्थेच्या जुन्या वास्तूलगत, आज बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या ताब्यातील परिसरात, बांधकामाच्या वेळी मानवी हाडांचे तुकडे सापडले. पुढील उत्खननानंतर २०२३ मध्ये त्यांचे दफन करण्यात आले. इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्या त्यांत होत्या असे मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ज्या ज्ञानशाखेत त्यांनी प्रशिक्षण घेतले तिचे साहित्य कोठून येत होते, हे त्या हाडांनी पुन्हा दाखवून दिले. २०२४ साली इरावतीबाईंची नात ऊर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेल्या ‘इरू’ या इंग्रजी चरित्रात बर्लिनच्या या काळाकडे विशेष लक्ष देण्यात आले असून त्यामुळे हा विषय नव्याने चर्चेत आला आहे.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त इरावतीबाईंनी नाकारला, पण मोजपट्टी व कंपास त्यांनी टाकून दिले नाहीत. भारतात परतल्यावर कित्येक वर्षे त्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजत राहिल्या. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी केलेले महाराष्ट्रातील मानवमितीचे काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. साधन तेच राहिले, त्याला विचारलेला प्रश्न बदलला. तो बदल पुरेसा होता काय, याविषयी आजच्या अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असणे रास्त आहे.

परतल्यानंतर

१९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबईस महर्षींनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. या कामात त्यांचे मन रमले नसावे, असे त्यांच्या पुढील वाटचालीवरून वाटते. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदव्युत्तर संशोधन संस्थेत रूपांतर झाले तेव्हा त्या तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या व ११ ऑगस्ट १९७० रोजी निधन होईपर्यंत तेथेच राहिल्या. तेथे ह. धी. सांकलिया यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ सहकारी लाभले. गुजरातमधील लांघणज येथील प्रागैतिहासिक सांगाड्यांच्या शोधकार्यात त्यांचा सहभाग होता. १९४७ मध्ये दिल्ली येथील भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

आप्तसंबंध : ‘आत्याबाई’ आणि ‘मामंजी’

इरावतीबाईंचा प्रमुख ग्रंथ ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग पाडले आणि नातेवाचक शब्द व विवाहाचे नियम यांची भाषाकुलांशी सांगड घातली. पाठ्यपुस्तकांत हे चार विभाग नकाशासह येतात. परंतु नकाशामागील युक्तिवाद सहसा येत नाही. तो आपल्या घरातील शब्दांवरून उत्तम समजावून देता येतो.

उत्तरेत मुलगी अनोळखी गावी, अनोळखी घरी दिली जाते. आईकडील व वडिलांकडील ठरावीक पिढ्यांपर्यंतचे रक्तसंबंधी विवाहास वर्ज्य असतात. साहजिकच सासरा आणि मामा या दोन पूर्णतः वेगळ्या व्यक्ती असतात व त्यांच्यासाठी शब्दही वेगळे असतात. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरीच मुलगी जाते. त्यामुळे तेलुगूत ‘मामा’ हा शब्द आईच्या भावाला आणि सासऱ्याला, दोघांनाही चालतो. सून घरात येते ती नातेवाईक म्हणूनच. माहेर आणि सासर यांतील जी दरी उत्तरेकडील स्त्रीगीतांतून आढळते, ती तेथे इतकी खोल नसते.

महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध आहे. मराठा, कुणबी आदी अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, मात्र आत्याची मुलगी करणे निषिद्ध मानतात. मामाची मुलगी सून म्हणून आली की तिची सासू ही तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे आत्या असते. अनेक मराठी घरांत सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात, त्याचा उलगडा येथे होतो. प्रत्यक्षात नाते नसले तरी शब्द नियमाची आठवण ठेवतो. आत्याची मुलगी का नको, यामागे असे कारण सांगितले जाते की ज्या घरी आपण मुलगी दिली ते घर आपल्यापेक्षा मानाचे ठरते. त्या घरची मुलगी आपल्याकडे सून म्हणून आणल्यास देणारे व घेणारे यांचा क्रम उलटा होतो.

मग सासऱ्याला ‘मामंजी’ का म्हणतात? वधूचा सासरा तिचा मामा असेल तर तिचा नवरा तिच्या मामाचा मुलगा ठरतो. म्हणजे त्याने आत्याचीच मुलगी केली, जे निषिद्ध आहे. शब्द एका नियमाकडे बोट दाखवितो आणि चाल दुसऱ्या. हा शब्द दक्षिणेतील ‘मामा’शी सरळ नाते सांगतो. दोन कुटुंबव्यवस्थांच्या सीमेवरील प्रदेशात असा विसंवाद आढळणे स्वाभाविक आहे, किंबहुना सीमाप्रदेशाची तीच खूण आहे. गोवा व कर्नाटक यांच्या लगत असलेल्या आपल्या जिल्ह्यात मालवणी, कोकणी आणि कानडी वळणाच्या नातेशब्दांची सरमिसळ आजही कानी पडते. ‘आवस’, ‘बापूस’, ‘घोव’, ‘बायल’, ‘झील’, ‘चेडू’ हे शब्द विद्यार्थी घरी वापरतात आणि महाविद्यालयाच्या दारात सोडून येतात. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून गाबीत, भंडारी, मराठा, कुडाळदेशकर, सारस्वत, महार, धनगर अशा विविध समाजांतील नातेशब्द व संबोधने नोंदविण्यास सांगितल्यास, पन्नास प्रश्नांच्या छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक मोलाचे काही हाती लागेल. मात्र कोणाला काय म्हणता, एवढेच विचारून भागणार नाही. कोण कोणाच्या घरी दिली, ही रिव्हर्सची वंशावळ त्यासोबत हवीच.

या ग्रंथावर टीकाही झाली. लुई द्युमाँ व डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ साली त्याचे कठोर परीक्षण केले. प्राचीन ग्रंथांतील शब्द आणि वर्तमान क्षेत्रकार्य एकाच पातळीवर ठेवण्याची इरावतीबाईंची पद्धत हा वादाचा विषय राहिला. ही घुर्ये यांच्याकडून आलेली सवय होती. पण त्याच सवयीने त्यांना महाभारताकडे नेले, हेही विसरता येत नाही. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतील नातेशब्दांवर त्यांनी १९४० च्या दशकातच शोधनिबंध लिहिला होता. १९६७ मध्ये आलेल्या आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणाऱ्या ‘युगान्त’मधील कुंती, गांधारी व द्रौपदी यांची चित्रे त्या शब्दांच्या तक्त्यांतून वर आली आहेत. ‘युगान्त’ हे ललित लेखन आणि ‘किन्शिप’ हे शास्त्र, अशी विभागणी म्हणूनच फसवी आहे.

गुरूशी मतभेद

घुर्ये यांच्या मते जातिसंस्था ही गंगेच्या खोऱ्यात वैदिक संस्कृतीच्या पोटी जन्मली व तेथून अन्यत्र पसरली. इरावतीबाईंनी ‘हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन’ या १९६१ च्या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली. एकसंध समाज फुटून जाती झाल्या नाहीत, तर मुळात वेगवेगळे असलेले अंतर्विवाही समूह शेजारी शेजारी येऊन समाज झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले. महाराष्ट्रात कुंभार ही एक जात समजली जाते, परंतु थोरचाके, लहानचाके आदी समूहांत रोटी-बेटी व्यवहार नसे आणि चाकही वेगळे असे. एका धंद्यामुळे बाहेरचे लोक त्यांना एका नावाने ओळखतात एवढेच. येथे बर्लिनचे शिक्षण पुन्हा कामी आले. एकाच वर्णातील व समान दर्जाच्या समूहांत शारीरिक फरक किती, हे त्यांनी मोजून पाहिले. के. सी. मल्होत्रा यांच्यासह आठ ब्राह्मण ज्ञातींवर लिहिलेला त्यांचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला.

हा सिद्धान्त आकर्षक असला तरी त्यात एक उणीव जाणवते. समूह शेजारी आले हे मान्य केले तरी एक वर व दुसरा खाली का झाला, याचे उत्तर त्यातून पुरेसे मिळत नाही. सत्ता, जमीन व अस्पृश्यता यांचा विचार त्यांच्या मांडणीत मागे पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्येच जातींच्या उगमाविषयी मांडलेला अंतर्विवाहाचा विचार शेजारी ठेवून वाचल्यास हा फरक विद्यार्थ्यांना स्पष्ट दिसेल.

अखेरची क्षेत्रकामे

आयुष्याच्या अखेरच्या दशकात इरावतीबाई समकालीन प्रश्नांकडे अधिकाधिक वळल्या. फलटण शहराच्या वाढीचा, ग्रामीण समूहांतील संबंधांचा, आठवडी बाजारांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसमवेत केला. यातील कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी ही कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली असून १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणग्रस्तांचे पुनर्वसन हा विषय अभ्यासकांच्या चर्चेत फारसा नव्हता, त्या काळात झालेले हे काम आहे. नातेसंबंधांचा तीस वर्षे अभ्यास केलेल्या संशोधिकेला गाव हलविणे म्हणजे केवळ घरे हलविणे नव्हे, हे वेगळे सांगावे लागले नसेल. कोण कोणाच्या शेजारी होते, सोयरीक कोठे होती, देव कोठे होता, हे प्रश्न ज्याला विचारता येतात त्यालाच विस्थापनात काय मोडते ते दिसते.

आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात तिलारी प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्या गावांतील वृद्ध मंडळी आज आपल्यामध्ये आहेत. जुन्या गावातील वाड्या, मानपान, सोयरिकी आणि देवस्थानाचे हक्क यांची माहिती त्यांच्या स्मरणात आहे. ती नोंदवून घेण्यासाठी मराठी आणि समाजशास्त्र या दोन्ही विभागांनी एकत्र येऊन काम करणे शक्य आहे. कोयनेची पाहणी त्यासाठी नमुना म्हणून हाताशी आहे.